लॉग डेटाबेसात नेणारं प्लगिन: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

लातूरच्या एमआयडीसीतली एखादी डाळ मिल डोळ्यांसमोर आणा. फाटकापाशी वजनकाटा, काट्याच्या खोलीत एक जुना संगणक. तूर किंवा हरभरा घेऊन गाडी आली की काट्याचं सॉफ्टवेअर एका साध्या मजकूर फाइलमध्ये एक ओळ लिहितं: वेळ, पावती नंबर, गाडी नंबर, माल, भरलेलं वजन, रिकामं वजन. अशी ओळीमागून ओळ साठणारी फाइल म्हणजे लॉग. मालकांची दुसरी मिल उदगीरला. दोन्हीकडच्या ओळी एकाच डेटाबेसात याव्यात आणि घरी बसून मोबाइलवर हिशेब दिसावा, एवढीच त्यांची मागणी. एखाद्या सकाळी त्यांचा फोन येणार हेही ठरलेलं: "काल रात्रीची गाडी रिपोर्टात काहून दिसंना?"

मिल मी उदाहरणापुरती घेतली आहे. पण असा प्रश्न विचारणारे मालक जालन्याच्या रोलिंग मिलपासून वसमतच्या हळद व्यापाऱ्यापर्यंत कुठेही भेटतील.

ओळ उचलून डेटाबेसात टाकणं हे वीस-पंचवीस ओळींच्या कोडचं काम आहे. बाकीची सगळी मेहनत 'टाकता आली नाही तर काय' यासाठी लागते. आपल्याकडे लाईट जाते, लाईटीमागोमाग नेट जातं, आणि दोन्ही परत येतात तेही वेगवेगळ्या वेळी. इंटरनेटवरचे बहुतेक धडे पहिल्या पंचवीस ओळींपाशी थांबतात. म्हणून इथे तेवढा भाग भरभर उरकतो आणि उरलेल्यावर वेळ घालवतो.

लेख कोणासाठी? नांदेड, परभणी, बीडकडे बीसीए, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या, एखादी भाषा थोडीफार लिहिता येणाऱ्या, कमांड लाइन आणि गिट यांची तोंडओळख असलेल्या कोणाहीसाठी. रुबी येत नसली तरी चालेल.

कशावर बांधायचं

लॉग गोळा करणारी खुली साधनं बरीच आहेत: फ्लुएंटडी, फ्लुएंट बिट, लॉगस्टॅश, व्हेक्टर. नवख्यांना मी फ्लुएंटडी सुचवतो. सदायुकी फुरुहाशी यांनी २०११ मध्ये ट्रेझर डेटा कंपनीत ते सुरू केलं. परवाना अपाचे २.०. २०१९ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनच्या 'ग्रॅज्युएटेड' प्रकल्पांत गेलं, त्यामुळे उद्या बेवारस पडेल ही भीती कमी. माझं खरं कारण मात्र साधं आहे. त्याची प्लगिनं, म्हणजे त्यात वरून बसवायचे जोड-तुकडे, रुबीत लिहितात, आणि रुबी पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही बऱ्यापैकी वाचता येते. फ्लुएंट बिट सी भाषेत आहे, हलकं आहे, छोट्या यंत्रावर झकास चालतं. पण पहिलंच प्लगिन सीमध्ये लिहायला घेतलं तर मेमरी कुठे मोकळी करायची या विवंचनेतच अर्धा जीव जातो.

फ्लुएंटडीत ओळीचा प्रवास असा: इनपुट प्लगिन फाइल वाचतं, पार्सर ओळ फोडतो, फिल्टर हवे ते बदल करतो, मग ती बफरमध्ये थांबते आणि आउटपुट प्लगिन ती बाहेर पाठवतं. प्रत्येक ओळीची एक घटना बनते आणि तिचे तीन भाग असतात: टॅग (ती कुठून आली ते सांगणारं नाव), वेळ आणि रेकॉर्ड (खरा डेटा). आपण लिहिणार ते आउटपुट प्लगिन. डेटाबेस पोस्टग्रेस घेऊ. मायएसक्यूएल घेतलं तरी विचार तोच, तपशील थोडे बदलतील.

लिहिण्याआधी शोधा

रुबीची तयार पॅकेजं, म्हणजे 'जेम', जिथे मिळतात त्या रुबीजेम्सच्या साइटवर 'फ्लुएंट-प्लगिन' असं टाकून शोधलंत तर ढीगभर नावं दिसतील. एसक्यूएल डेटाबेसांसाठी फ्लुएंट संघटनेचं स्वतःचं 'फ्लुएंट-प्लगिन-एसक्यूएल' आहे. ते अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड या रुबीच्या डेटाबेस लायब्ररीवर चालतं. आधी ते बसवून पाहा. तुमचं काम त्यात भागत असेल तर नवीन प्लगिन लिहू नका. त्यातला एखादा उघडा इश्यू (कोणीतरी नोंदवलेली अडचण) घ्या आणि तो सोडवून पाठवा. ओपन सोर्समध्ये शिरायचा तो जास्त सरळ रस्ता आहे, आणि तुमचा कोड एखाद्या अनुभवी माणसाच्या नजरेखालून जातो तो फायदा वेगळाच.

तरीही नवं लिहायचं असेल तर त्याचं कारण एका वाक्यात लिहून काढा. आपलं वाक्य असं धरू: 'अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डचं ओझं नको, थेट पोस्टग्रेसशी बोलायचं, आणि तीच ओळ दोनदा आली तरी नोंद एकदाच व्हायची.' हेच वाक्य पुढे रीडमीची पहिली ओळ होईल.

सामान आणि सांगाडा

उबुंटू किंवा विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय), रुबी, बंडलर, गिट आणि स्वतःच्या मशिनवर पोस्टग्रेस. चार जीबी रॅमचा लॅपटॉपही यासाठी पुरतो.

फ्लुएंटडी बसवलं की त्यासोबत 'फ्लुएंट-प्लगिन-जनरेट' ही आज्ञा मिळते. तिला प्रकार 'आउटपुट' आणि प्लगिनचं नाव सांगा, ती अख्खं फोल्डर उभं करून देते: प्लगिनची रुबी फाइल, टेस्टची फाइल, जेमस्पेक, रीडमी, परवाना. म्हणून इथे कोड चिकटवत बसत नाही; ती फाइल शेजारी उघडी ठेवून पुढचं वाचा.

नाव ठेवताना 'वजनकाटा' ठेवू नका. आपल्या प्लगिनला तूर, गाडी, वजन यातलं काहीही माहीत नसावं. त्याला फक्त 'रेकॉर्डमधली ही किल्ली, टेबलातला तो कॉलम' एवढंच कळावं, आणि ती जोडी वापरणाऱ्याने कॉन्फिग फाइलमध्ये लिहावी. तसं झालं तर तुमचं प्लगिन उद्या शेंद्र्याच्या कारखान्यात आणि परवा ब्राझीलमध्येही चालेल. मिलपुरत्या गोष्टी कोडमध्ये शिरल्या की ते मिलचं खासगी काम झालं. ओपन सोर्स फक्त नावाला.

फाइलमध्ये सुरुवातीला प्लगिनची नोंदणी असते, मग कॉन्फिग पॅरामीटर: होस्ट, पोर्ट (पोस्टग्रेसचं नेहमीचं ५४३२), डेटाबेस, युजर, पासवर्ड, टेबल, कॉलमची जोडी. पासवर्डच्या पॅरामीटरला 'सीक्रेट' हा पर्याय लावायला विसरू नका. फ्लुएंटडी चालू होताना आपली कॉन्फिग लॉगमध्ये छापतं; हा पर्याय नसेल तर पासवर्ड उघडा छापला जातो, आणि तोच लॉग कोणीतरी मदत मागताना इंटरनेटवर चिकटवतो.

त्याखाली तीन मेथड: कॉन्फिगर, स्टार्ट, शटडाउन. तिन्हींत 'सुपर', म्हणजे मूळ क्लासमधली तीच मेथड, बोलवायची. इथे एक फरक लक्षात ठेवा. कॉन्फिग चुकली असेल, म्हणजे कॉलमच दिलेले नाहीत किंवा टेबलाचं नाव रिकामं आहे, तर कॉन्फिगर मेथडमध्येच कॉन्फिग एरर फेका आणि फ्लुएंटडी चालूच होऊ देऊ नका. पण डेटाबेसशी जोडणी स्टार्टमध्ये करू नका. लाईट आली की काट्याचा संगणक लगेच चालू होतो, राउटर मागून जागा होतो, आणि नेट त्याच्याही मागून येतं. स्टार्टमध्ये जोडणी करायला गेलात तर ती फसेल, फ्लुएंटडी बंद पडेल, आणि सकाळी काटेवाला येऊन पाहीपर्यंत कोणाला पत्ताही लागणार नाही. जोडणी लागेल तेव्हाच, म्हणजे पहिला गठ्ठा पाठवताना करा. तिला कनेक्ट टाइमआउट द्या, नाहीतर अर्धमेल्या नेटवर ती लटकून राहते.

बफर

आउटपुट प्लगिन तीन तऱ्हांनी लिहिता येतं. 'प्रोसेस' मेथड लिहिली तर प्रत्येक घटना आली तशी लगेच जाते, बफर मध्ये येत नाही. 'राइट' लिहिली तर घटना आधी बफरमध्ये साठतात आणि गठ्ठ्याने तुमच्या हाती येतात. या गठ्ठ्याला फ्लुएंटडीत चंक म्हणतात. तिसरी 'ट्राय-राइट', तिच्यात पोच नंतर द्यायची असते. तुम्ही 'राइट' घ्या. बाकी दोन्ही सध्या विसरा.

बफर म्हणजे आपल्या घरचा हौद. संभाजीनगर असो की लातूर, नळाला रोज पाणी येत नाही हे धरूनच घर बांधलेलं असतं. हौद किती मोठा, भरून वाहायला लागला तर काय, हे आधी ठरवलेलं असतं. इथे तेच ठरवायचं आहे, फक्त आकडे वेगळे.

पहिला निर्णय: हौद मेमरीत की डिस्कवर. काही न सांगता ठेवलंत तर बफर मेमरीत असतो आणि लाईट गेली की त्यातलं सगळं जातं. काट्याच्या खोलीसाठी फाइल बफरच हवा. त्याचा एक चंक डिफॉल्टने २५६ एमबीपर्यंत वाढू शकतो (मेमरीत ८ एमबी) आणि एकूण मर्यादा ६४ जीबी असते. काट्याच्या जुन्या संगणकात तेवढी डिस्क रिकामी असेलच असं नाही. म्हणून रीडमीतल्या नमुना कॉन्फिगमध्ये एकूण मर्यादा स्वतः लिहून द्या, आणि बफर भरला तर काय करायचं तेही. 'ब्लॉक' म्हटलं तर फाइल वाचणंच थांबतं, मूळ लॉग फाइल शाबूत असल्यामुळे काही हरवत नाही. 'ड्रॉप ओल्डेस्ट चंक' म्हटलं तर सगळ्यात जुना गठ्ठा फेकला जातो. पैशाच्या हिशेबाला पहिला पर्याय, सर्व्हरच्या तापमानासारख्या मोजमापाला दुसरा चालेल.

दुसरा निर्णय नवख्यांच्या लक्षात सहसा येत नाही: पुन्हा प्रयत्न किती वेळाने. डिफॉल्ट असं आहे की पहिला प्रयत्न फसला की १ सेकंद थांबायचं, मग २, मग ४, ८, असं दुप्पट करत जायचं. एकूण मुदत ७२ तास. शहाणपणाची वाटते ना पद्धत? आता हिशेब करा. अडीच तास नेट गेलं. दुप्पट होत जाणाऱ्या थांब्यांमुळे एक प्रयत्न सुमारे सव्वादोन तासांनी होतो, तोही फसतो, आणि त्याच्या पुढचा थेट साडेचार तासांच्या आसपास. म्हणजे नेट येऊन दोन तास झाले तरी प्लगिन गप्प. मालकांचा फोन याच दोन तासांत येतो. उपाय एका ओळीचा: 'रिट्राय मॅक्स इंटरव्हल' ३० किंवा ६० सेकंदांवर बांधून टाका. आणि मुदत ७२ तासांची ठेवायची की 'रिट्राय फॉरएव्हर' लावायचं तेही ठरवा. शुक्रवारी संध्याकाळी केबल तुटली आणि मंगळवारी जोडली गेली, असं आपल्याकडे होतंच की.

फाइल बफरही ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून डिस्कवर उतरतो, हे विसरू नका. लाईट अचानक गेली तर शेवटचा तुकडा अर्धवट राहू शकतो. चार पैसे वाचवायला छोटा यूपीएस टाळणाऱ्या मालकाला हे प्लगिनने समजावता येत नाही, तोंडानेच समजवावं लागतं.

राइट मेथड आणि टेबल

'फॉरमॅट' मेथड लिहू नका. ती नसली की चंकवर 'मेसेजपॅक ईच' फिरवून वेळ आणि रेकॉर्ड थेट मिळतात. टॅग हवा असेल तर मात्र जपून. बफरच्या चंक किल्ल्यांमध्ये (गठ्ठे कशावरून वेगळे करायचे त्या यादीत) 'टॅग' असेल तरच चंकच्या मेटाडेटात तो येतो, नाहीतर तिथे काहीच नसतं. प्लगिनमध्ये बफरच्या डिफॉल्ट किल्ल्यांत 'टॅग' घालून ठेवा, वापरणाऱ्याचं डोकं वाचेल.

आता सगळ्या ओळी एका व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये), एकाच इन्सर्टमध्ये अनेक ओळी घालून टाका. एकेक ओळ टाकत बसलात तर प्रत्येक ओळीमागे नेटची एक फेरी लागते, आणि उदगीरच्या नेटवर ती फेरी महाग पडते. पोस्टग्रेसच्या एका आज्ञेत पॅरामीटरांची मर्यादा ६५,५३५ आहे. पाच कॉलम असतील तर एका वेळी १३,१०७ ओळी. पण इतकं ताणू नका, हजार-हजारचे तुकडे करा. 'कॉपी' आज्ञा याहून वेगवान आहे, मात्र तिला 'ऑन कॉन्फ्लिक्ट' (तीच ओळ आधी असेल तर काय करायचं ते सांगणारा भाग) लावता येत नाही, आणि तो आपल्याला लागणार आहे. टेबलाचं आणि कॉलमचं नाव कॉन्फिगमधून येतं, ते पॅरामीटर म्हणून देता येत नाही. म्हणून पीजी जेमची (रुबीतून पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या पॅकेजची) नाव सुरक्षित करणारी मेथड वापरा, साधी स्ट्रिंग जोडू नका. आणि एकच जोडणी दोन थ्रेडना वाटू नका. कोणी फ्लश थ्रेड, म्हणजे बफरमधले गठ्ठे पाठवणारे थ्रेड, वाढवले की अशा प्लगिनमध्ये विचित्र चुका दिसायला लागतात.

दुबार नोंदीचं काय? फ्लुएंटडीचं वचन 'किमान एकदा' पोहोचवण्याचं आहे. डेटाबेसने गठ्ठा स्वीकारला, आणि पोच यायच्या आत नेट गेलं, तर प्लगिनच्या दृष्टीने तो गेलाच नाही. तो पुन्हा पाठवला जातो आणि एका गाडीच्या दोन गाड्या होतात. पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' आहे. पण त्यासाठी ओळ ओळखायची किल्ली लागते. रेकॉर्डमध्ये स्वाभाविक किल्ली असेल, जसं काट्याचा क्रमांक आणि पावती नंबर, तर तीच वापरा. तशी किल्ली नसेल तर चंकचा युनिक आयडी आणि गठ्ठ्यातला ओळीचा क्रमांक जोडून किल्ली करा. पुन्हा पाठवताना चंकचा आयडी तोच राहतो, आणि फाइल बफरमध्ये तो फाइलच्या नावातच असल्याने मशिन बंद होऊन चालू झालं तरी टिकतो. राइट मेथडमध्ये यादृच्छिक आयडी बनवू नका. प्रत्येक प्रयत्नाला तो नवा होईल आणि काहीच साधणार नाही. चंकवाल्या किल्लीची मर्यादा मात्र रीडमीत लिहा: मूळ फाइलच पुन्हा वाचली गेली तर त्या ओळी नव्या चंकमध्ये येतात आणि दुबार होतात. त्याला स्वाभाविक किल्लीच लागते.

टेबल प्लगिनने आपोआप बनवावं का? माझं मत: नाही. प्लगिनच्या डेटाबेस युजरला फक्त इन्सर्टपुरतीच परवानगी असावी, तिथे टेबल बनवायचा हक्क आला की धोका आला. 'ऑन कॉन्फ्लिक्ट'मध्ये कॉलमची नावं दिलीत तर सिलेक्टची परवानगीही लागते, ती रीडमीत नोंदवा. नमुना टेबलाची एसक्यूएल फाइल रेपोमध्ये ठेवा, पुरे. त्यात दोन वेळा असू द्या: घटनेची वेळ, आणि डेटाबेसात आल्याची वेळ जी आपोआप भरेल. कारण? जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची छोटी बॅटरी मेलेली असते. लाईट गेली की घड्याळ भलत्याच वर्षात जातं, आणि नेट येऊन वेळ जुळेपर्यंतच्या सगळ्या ओळींवर तेच वर्ष पडतं. दुसरी वेळ असली की अशा ओळी शोधता येतात.

याच कारणाने, टेबल महिन्यावारी विभागलं (पार्टिशन केलं) असेल तर एक 'डिफॉल्ट' विभाग ठेवाच. पोस्टग्रेस ११ पासून तो मिळतो. नसेल तर २००२ सालची ओळ आली की तिला जागा नाही म्हणून अख्खा गठ्ठा परत. विभागलेल्या टेबलावर युनिक किल्लीत विभागणीचा कॉलम घ्यावाच लागतो, हेही नमुन्यात दाखवून ठेवा.

नासकी ओळ

गठ्ठ्यातली एक ओळ खराब असली तर अख्खा इन्सर्ट फसतो. राइटमधून एरर बाहेर पडला की फ्लुएंटडी तोच गठ्ठा तसाच पुन्हा पाठवतं. तो पुन्हा फसतो. तीन दिवस हेच चालू राहतं, मागचे गठ्ठे साठत जातात, आणि लॉगमध्ये एकच वाक्य हजारदा दिसतं.

म्हणून एरर दोन ढिगांत वेगळे करा. पोस्टग्रेस प्रत्येक एररसोबत पाच अक्षरी एसक्यूएल-स्टेट देतं, त्याची पहिली दोन अक्षरं पाहिली तरी भागतं. ०८ म्हणजे जोडणीचा प्रश्न, ५३ म्हणजे सर्व्हरकडे जागा वा मेमरी कमी, ५७ म्हणजे सर्व्हर बंद होतोय, ४० म्हणजे व्यवहार आपसात अडकले. हे सगळे तात्पुरते. एरर वर जाऊ द्या, जुनी जोडणी टाकून द्या, फ्लुएंटडी पुन्हा प्रयत्न करेल. २२ म्हणजे डेटाच चुकीचा, २३ म्हणजे टेबलाच्या नियमात न बसणारा. यांना कितीही वेळ दिला तरी ते सुधारत नाहीत. असा एरर आला की तो तुकडा पुन्हा घ्या, पण आता एकेक ओळ, प्रत्येकीआधी सेव्हपॉइंट (व्यवहारात मागे फिरायची खूण) लावून. चांगल्या ओळी आत जातील. नासकी ओळ राउटरच्या 'एमिट एरर इव्हेंट'ने एरर लेबलकडे वळवा, तिथून ती वेगळ्या फाइलमध्ये जाऊ शकते. सेव्हपॉइंट हवाच, कारण पोस्टग्रेसमध्ये व्यवहारात एक आज्ञा फसली की मागे फिरेपर्यंत पुढची कुठलीच चालत नाही.

४२ बद्दल मतभेद आहेत. टेबल नाही, कॉलम नाही, परवानगी नाही, असे एरर यात येतात. काही जण 'अनरिकव्हरेबल एरर' फेकून गठ्ठा बॅकअप फोल्डरमध्ये टाकतात. मी पुन्हा प्रयत्न करू देतो. टेबल बनवायचं राहून गेलं ही माणसाची चूक असते, तो ती तासाभरात दुरुस्त करतो, आणि मधला डेटा आपोआप आत यावा हे बरं.

आता लाईट गेल्यावरची खास नासकी ओळ. लिनक्सवर लाईट अचानक गेली की चालू असलेल्या लॉग फाइलच्या शेवटी कधीकधी शून्य बाइटांची रांग उरते. डोळ्यांना दिसत नाही. इनपुट प्लगिन ती इमानाने वाचतं आणि तुमच्याकडे देतं. पोस्टग्रेसच्या टेक्स्टमध्ये शून्य बाइट बसतच नाही. शिवाय रुबीचं पीजी जेम असा पॅरामीटर पाहून सर्व्हरकडे जायच्या आधीच 'आर्ग्युमेंट एरर' फेकतं. तो पोस्टग्रेसचा एरर नसतो, त्यामुळे फक्त एसक्यूएल-स्टेट पाहणाऱ्या कोडच्या हातून तो सुटतो. रेकॉर्ड जेसनबी (पोस्टग्रेसचा जेसन साठवणारा प्रकार) कॉलममध्ये घालत असाल तर तोच बाइट वेगळ्या वेषात पोहोचतो आणि तिथे २२ चा एरर येतो. दोन्हींवर एकच इलाज: आत जाण्याआधी प्रत्येक स्ट्रिंगमधला शून्य बाइट काढून टाका, आणि तसं केल्याची नोंद इशारा म्हणून लॉगमध्ये ठेवा.

मराठी मजकूर, भारतीय वेळ

फाइल वाचणारं टेल इनपुट डिफॉल्टने मजकूर कच्च्या बाइट एन्कोडिंगमध्ये देतं. इंग्रजी ओळींत हे कळतही नाही. 'तूर' लिहिलेली पहिली ओळ आली की कळतं. नमुना कॉन्फिगमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहाच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. 'लातूर' हा शब्द पाच चिन्हांचा आणि पंधरा बाइटांचा. तेव्हा लांब मजकूर कापायचा असेल तर बाइट मोजून कापू नका, अर्धं अक्षर तुटून यूटीएफ-८ च बिघडतं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिणारी सॉफ्टवेअरं अजून बऱ्याच आडत दुकानांत चालू आहेत. त्यांचं रूपांतर प्लगिनमध्ये घुसवू नका, ते फिल्टरचं काम.

वेळेचं थोडक्यात. टेबलात 'टाइमस्टॅम्पटीझेड' हा टाइमझोन जाणणारा प्रकार वापरा. लॉगच्या ओळीत टाइमझोन नसतो, तो पार्सरला +०५:३० असा सांगा. नाहीतर क्लाउडवरचा सर्व्हर यूटीसी धरतो आणि रात्रीच्या गाड्या पहाटे आल्यासारख्या दिसतात. फ्लुएंटडीची वेळ नॅनोसेकंदांपर्यंत असते. तिचा पूर्णांक केलात तर सेकंदाखालचं सगळं गळून जातं.

मोडून बघा

जनरेटरने टेस्टची फाइल दिलेली आहे. फ्लुएंटडीच्या टेस्ट ड्रायव्हरला घटना खाऊ घाला आणि खऱ्या पोस्टग्रेसमध्ये काय आलं ते तपासा. नकली डेटाबेसावर केलेली टेस्ट या कामात फारशी उपयोगाची नाही. गिटहबवर सार्वजनिक रेपोला अ‍ॅक्शन्स फुकट चालतात आणि त्यात पोस्टग्रेस सोबत उभं करता येतं. टेस्टमध्ये खऱ्या पावत्या टाकू नका. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, गाडी नंबर एकदा सार्वजनिक रेपोमध्ये गेला की इतिहासातून खोडणं अवघड.

त्यानंतर हाताने मोडा. एक छोटी स्क्रिप्ट लिहून लॉग फाइलमध्ये १ ते १०,००० क्रमांकाच्या ओळी हळूहळू पडू द्या. त्या पडत असताना:

- पोस्टग्रेस बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा.
- फ्लुएंटडीची प्रोसेस 'किल -९' ने मारा, पुन्हा चालू करा.
- वायफाय तोडा. पोस्टग्रेस दुसऱ्या मशिनवर असेल तरच याला अर्थ.
- मधेच शून्य बाइट असलेली आणि वजनाच्या जागी अक्षरं असलेली ओळ घाला.
- सगळं व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवा आणि ते मशिन व्यवस्थित बंद न करता थेट पॉवर ऑफ करा. लाईट जाण्याच्या सगळ्यात जवळची टेस्ट हीच. 'किल -९' मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते.

शेवटी टेबलात किती ओळी, कुठले क्रमांक गायब, कुठले दोनदा, हे एका क्वेरीने काढा. गायब असतील तर आधी टेल इनपुटला 'पॉस फाइल' दिली आहे का ते बघा. कुठवर वाचून झालं ते ती लक्षात ठेवते. ती नसताना फ्लुएंटडी पुन्हा चालू झालं की फाइलच्या शेवटापासून वाचतं आणि मधलं सगळं सुटतं. प्लगिनमध्ये तासभर चूक शोधल्यावर ती इथे सापडते, असं फार वेळा होतं.

बाहेर सोडताना

जेमचं नाव 'फ्लुएंट-प्लगिन-' ने सुरू करा, हा रिवाज आहे. परवाना जनरेटरने अपाचे २.० दिलेला आहे, तो राहू द्या. कोणाच्या नोकरीत असताना लिहिलं असेल तर कोड बाहेर द्यायची लेखी परवानगी आधी घ्या, तोंडी नको.

रीडमी इंग्रजीत लिहा, कारण वाचणारे जगभरचे. पण मराठी रीडमीची वेगळी फाइलही ठेवा, आपल्याकडच्या मुलांना तिचाच आधार होतो. पॅरामीटरांची यादी हाताने लिहू नका, 'फ्लुएंट-प्लगिन-कॉन्फिग-फॉरमॅट' ही आज्ञा ती कोडमधून काढून देते. हाताने लिहायचं ते बाकीचं: चालणारी पूर्ण नमुना कॉन्फिग, टेबलाची एसक्यूएल, आणि 'दुबार नोंदीबद्दल' असा एक परिच्छेद.

पहिली आवृत्ती ०.१.० ठेवा. रुबीजेम्सवर खातं काढून दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, मग जेम बिल्ड आणि पुश. एकदा पुश केलेला आवृत्ती क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, मागे घेतला तरीही. म्हणून पुश करण्याआधी बनलेली जेम फाइल एका कोऱ्या मशिनवर बसवून पाहा. गिटमध्ये न टाकलेली फाइल जेममध्ये येत नाही, आणि तुमच्या मशिनवर हे कधीच दिसत नाही.

मग इश्यू येतील. बहुतेक पहिला इश्यू एवढाच असतो: 'चालत नाही.' त्यावर चिडू नका. फ्लुएंटडीची, रुबीची, पोस्टग्रेसची आवृत्ती, पासवर्ड काढून कॉन्फिग, आणि एररच्या आधीच्या वीस ओळी मागणारा नमुना रेपोमध्ये ठेवा. चूक खरी निघाली तर आधी ती पकडणारी टेस्ट लिहा, मग दुरुस्ती. वाढीव मागण्यांना नाही म्हणायलाही हरकत नाही. 'मायएसक्यूएल पण घाला' ही मागणी हमखास येते, तिचं उत्तर 'फ्लुएंट-प्लगिन-एसक्यूएल बघा' हे आहे. आणि परीक्षेच्या दिवसांत रेपोकडे बघता येणार नसेल तर रीडमीच्या वर तसं लिहा, किंवा ज्याने दोन-तीन चांगले पुल रिक्वेस्ट पाठवले त्याला रेपोचे आणि जेमचे हक्क द्या.